नजफचा अबोल आलिम

आज एकविसावा रोजा. जगभरच्या मुसलमानांसाठी हा हजरत अली (रजि.) यांच्या शहादतीचा दिवस. हिजरी सन ४० मध्ये, म्हणजे इसवी सन ६६१ साली, इराकमधल्या कूफा शहरात फजरच्या नमाजीच्या वेळी मशिदीतच त्यांच्यावर विषारी तलवारीचा वार झाला. तो १९ रमजानचा दिवस होता. दोन दिवसांनी त्यांनी देह ठेवला. परंपरा सांगते, की अखेरच्या घटका मोजतानाही त्यांनी मुलांना आपल्या मारेकऱ्याविषयी बजावले. त्याला उपाशी ठेवू नये, त्याचे हाल करू नयेत, मेल्यावर त्याच्या देहाची विटंबना करू नये आणि आपल्या खुनाच्या नावाखाली दुसऱ्या कुणाचे रक्त सांडू नये, असे ते बजावणे होते.

कूफ्यापासून दहाएक किलोमीटरवर नजफ आहे. तिथे हजरत अलींची कबर, तिच्यावर सोन्याचा घुमट. या घुमटाच्या सावलीत आयुष्याची ऐंशी वर्षे काढलेल्या एका विद्वानाची ही हकिकत. नाव आयतुल्ला सय्यद अबुल कासिम खुई. राजकारणापासून चार हात दूर राहणे हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. पण वयाच्या ९१ व्या वर्षी, ऐन रमजानच्या तोंडावर, त्यांच्या शहराने हुकूमशहाविरुद्ध उठाव केला आणि लोक त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. उठाव फसला. त्याची किंमत शहराने मोजली, तशी त्यांनीही मोजली.

काशीसारखे एक शहर

नजफ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायचे तर काशीची आठवण काढावी लागेल. विद्येसाठी जायचे ते तिथे आणि अखेरची माती मिळावी तीही तिथेच, ही शिया मुसलमानांची शतकानुशतकांची आस. शहराला लागून असलेले वादी-उस-सलाम हे जगातल्या सर्वांत मोठ्या कब्रस्तानांपैकी एक. तिथे दफन व्हावे म्हणून दूरदूरच्या गावांतून मृतदेह आणले जातात. धर्मशास्त्राचे शिक्षण देणारी तिथली परंपरा जवळपास हजार वर्षांची मानली जाते. सत्तर-ऐंशी किलोमीटरवर करबला आहे. मोहरममध्ये आपल्या गावोगाव ताबूत आणि सवाऱ्या निघतात, त्यात हिंदू घरांचाही मान असतो. त्यामागची करबला ती हीच.

हिंदुस्थानचे या शहरांशी जुने नाते आहे. नजफ वाळवंटाच्या कडेला, पाण्याची कायम ओरड. अठराव्या शतकाच्या अखेरीस अवधचे नवाब आसफउद्दौला यांनी पैसा दिला आणि फुरात नदीचे पाणी नजफकडे आणण्यासाठी कालवा खोदला गेला. त्याला हिंदिया हेच नाव पडले. आपल्या इतवारीत व्यापार करणारे दाऊदी बोहरा बांधवही नजफ-करबलेच्या जियारतीला जातात. तिथल्या कबरींभोवतीच्या चांदीच्या जाळ्या त्यांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी अर्पण केल्या होत्या.

विद्यार्थी आणि वेढा

अबुल कासिम यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८९९ चा, इराणच्या वायव्येकडील खुई गावातला. घरची भाषा अझेरी तुर्की. वडील सय्यद अली अकबर हे धर्मपंडित. इराणमध्ये तेव्हा राज्यघटनेच्या चळवळीवरून धर्मपंडितांत दोन तट पडले होते. त्या गदारोळात वडील नजफला निघून गेले. १९१२ मध्ये अबुल कासिमही तिथे पोहोचले. वय अवघे तेरा.

दोनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले. इराक तेव्हा तुर्की उस्मानी साम्राज्यात होता. ब्रिटिशांनी बसऱ्यात जी फौज उतरवली, ती बहुतांशी हिंदुस्थानी होती. त्यात मराठा पलटणी होत्या. १९१६ च्या एप्रिलमध्ये कूत-अल-अमारा येथे ब्रिटिश फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा उपासमारीने खंगलेल्या कैद्यांत मराठा शिपाईही होते.

तुर्क गेले, ब्रिटिश आले. १९१८ च्या मार्चमध्ये नजफमध्ये काही बंडखोरांनी कॅप्टन मार्शल या ब्रिटिश अधिकाऱ्याला ठार केले. ब्रिटिशांनी शहराला वेढा घातला, अन्नपाणी रोखले. सुमारे सहा आठवड्यांनी शहर नमले. अकरा जणांना फाशी झाली, शंभरच्या आसपास लोकांना हद्दपार करून कैदी म्हणून हिंदुस्थानात धाडले गेले. अबुल कासिम तेव्हा अठरा वर्षांचे होते आणि त्याच शहरात शिकत होते.

युद्ध संपल्यावर स्वातंत्र्य मिळेल, ही आशाही फोल ठरली. १९२० मध्ये इराकभर उठाव झाला. करबलेतील वयोवृद्ध धर्मगुरू मिर्झा मुहम्मद तकी शिराझी यांनी त्याला धार्मिक बळ दिले. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा धुरा शेख-उश-शरीया इस्फहानी यांच्याकडे आली. हे अबुल कासिम यांचे गुरू. विमाने आणि हिंदुस्थानातून आणलेली कुमक यांच्या जोरावर ब्रिटिशांनी तो उठाव काही महिन्यांत मोडला. वर्ष संपायच्या आत गुरूही वारले. दुसरे गुरू मिर्झा नाईनी यांना १९२३ मध्ये इराक सोडून इराणला जावे लागले.

म्हणजे पंचविशीच्या आत या तरुणाने दोन उठाव फसलेले पाहिले, त्यांपैकी एकाचे नेतृत्व स्वतःच्या गुरूकडे होते. पुढे त्यांनी जो अबोलपणा पत्करला, त्याची मुळे शोधायची तर हे दिवस विसरून चालणार नाही.

साक्षीदार तपासणारा माणूस

त्यानंतरची पन्नास वर्षे त्यांनी अध्यापनाला दिली. नजफमधला वरच्या वर्गाचा तास आपल्याकडच्या कॉलेजसारखा नसतो. ठरलेले पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही. गुरू एक प्रश्न घेतो, आधीच्या विद्वानांची मते मांडतो, ती खोडतो, मग स्वतःचे मत देतो. विद्यार्थ्याने मध्येच हरकत घ्यायची, गुरूने उत्तर द्यायचे. चांगले विद्यार्थी ती चर्चा लिहून काढतात आणि तीच पुढे ग्रंथ होते. खुई यांचे असे शेकडो विद्यार्थी इराण, लेबनॉन, पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि भारतात पसरले. लेबनॉनचे इमाम मूसा सद्र, इराकचे मुहम्मद बाकिर सद्र आणि आजचे नजफचे सर्वोच्च धर्मगुरू अली सिस्तानी हे त्यांचेच शिष्य. नजफच्या मोठ्या धर्मगुरूंपैकी बशीर नजफी यांनीही त्यांच्याकडे धडे घेतले. त्यांचा जन्म आपल्या जालंधरचा.

खुई यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे हदीस सांगणाऱ्यांचा चरित्रकोश. प्रेषितांची किंवा इमामांची एखादी आठवण आपल्यापर्यंत येते ती माणसांच्या साखळीतून. अमुकाने तमुकाकडून ऐकले, त्याने आणखी कुणाकडून. या साखळीतली एक कडी जरी खोटी निघाली तरी सांगणे संशयास्पद ठरते. खुई यांनी पंधरा हजारांहून अधिक नावांची छाननी केली. कोण विश्वासाचा, कोण नाही, कोणाबद्दल काहीच ठाऊक नाही, हे खंडामागून खंडांत नोंदवले. लोकप्रिय गोष्ट आहे म्हणून ती खरी, हे त्यांना मान्य नव्हते.

रमजान हा कुरआनचा महिना, म्हणून त्यांच्या ‘अल-बयान’ या ग्रंथाचा उल्लेख करायला हवा. कुरआनच्या मजकुरात कधीही फेरफार झालेला नाही, आज सर्वांच्या हाती आहे तोच मूळ कुरआन, हे त्यांनी त्यात सविस्तर सिद्ध केले. शियांचा कुरआन वेगळा असतो, असा गैरसमज आजही काही ठिकाणी ऐकू येतो. त्याला एका थोर शिया विद्वानाने दिलेले हे उत्तर सुन्नी घरांतही माहीत असायला हवे.

सत्तेच्या दारात न जाणारा

१९७० मध्ये आयतुल्ला मुहसिन हकीम यांचे निधन झाले आणि खुई हे जगातल्या सर्वांत मोठ्या शिया मरजांपैकी एक ठरले. मरजा म्हणजे ज्याच्याकडे लोक धर्माच्या प्रश्नांवर निर्णयासाठी वळतात तो विद्वान. त्याची निवडणूक होत नाही, सरकार त्याला नेमत नाही. लोकांचा विश्वास जसजसा बसेल तसतसे त्याचे स्थान ठरते. श्रद्धाळू लोक वर्षाच्या बचतीचा पाचवा हिस्सा ‘खुम्स’ म्हणून काढतात, त्यातला भाग मरजाकडे येतो. त्यावर मदरसे, वसतिगृहे, गरिबांची मदत चालते. सरकारी पगार नसल्यामुळे सरकारचा हुकूमही चालत नाही. हुकूमशहांना नजफ खुपत असे, त्याचे एक मोठे कारण हेच.

याच काळात इराणमधून हद्दपार झालेले आयतुल्ला खोमेनी नजफमध्ये राहत होते. राज्य धर्मपंडितांच्या हाती असावे, हा विचार त्यांनी तिथेच मांडला. खुई यांना तो पटला नाही. धर्मपंडिताने मार्ग दाखवावा, अनाथांचा आणि बेवारसांचा सांभाळ करावा, पण राज्यकारभाराचे सर्वाधिकार त्याला धर्माने दिलेले नाहीत, असे त्यांचे शास्त्रीय मत होते. १९७८ मध्ये इराणच्या शहाविरुद्ध आंदोलन भडकलेले असताना राणी फराह त्यांना भेटून गेल्या, तेव्हा क्रांतीच्या समर्थकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली.

इराकमध्ये १९६८ पासून बाथ पक्षाची सत्ता होती. इराणी वंशाचे म्हणून हजारो कुटुंबे सीमेपार हाकलली गेली, त्यांत नजफचे कितीतरी विद्यार्थी होते. १९८० च्या एप्रिलमध्ये त्यांचे लाडके शिष्य बाकिर सद्र आणि त्यांच्या बहिणीला ठार करण्यात आले. त्याच वर्षी इराण-इराक युद्ध सुरू झाले. खुई यांनी आपल्या बाजूने फतवा द्यावा, म्हणून सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने आठ वर्षे दबाव आणला. जवळच्या माणसांना अटका झाल्या. फतवा निघाला नाही. इराणच्या बाजूनेही निघाला नाही. मुसलमानाने मुसलमानाला मारावे, यासाठी आपली सही वापरू द्यायची नाही, एवढेच त्यांनी पाळले.

त्यांच्या या अबोलपणावर बोट ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. शिष्य फासावर जात असताना गुरूने गप्प राहावे का? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एकच उत्तर नाही. पण गप्प राहणे आणि होकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्तेला त्यांच्याकडून होकार हवा होता, आणि तो तिला कधीच मिळाला नाही.

१९९१ चा मार्च

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम यांनी कुवेत गिळंकृत केला. आपल्याकडच्या अनेक घरांना ते दिवस आठवत असतील. कुवेत-इराकमध्ये अडकलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले होते. इराकी सैनिक कुवेतमधून ट्रक भरभरून सामान आणत होते. टीव्ही, फ्रिज, गाड्या बाजारात मातीमोल भावाने मिळत होत्या. खुई यांनी फतवा दिला, की हा लुटीचा माल आहे, तो विकत घेणे हराम. ऐन हुकूमशाहीत सरकारची लूट लूट ठरवणे हे धाडसच होते.

१९९१ च्या फेब्रुवारीअखेर अमेरिका आणि मित्रराष्ट्रांच्या फौजांपुढे इराकी सैन्य कोसळले. त्याआधी १५ फेब्रुवारीला अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराकी जनतेने आणि सैन्याने सद्दाम यांना दूर करावे, असे जाहीर आवाहन केले होते. पराभूत, उपाशी सैनिक पायी परतत होते. मार्चच्या पहिल्याच दिवसांत बसऱ्यात एका रणगाड्याने सद्दाम यांच्या भव्य चित्रावर गोळा डागला आणि ठिणगी पडली. ३ मार्चला नजफ उठले, ५ मार्चला करबला. उत्तरेत कुर्द उठले. दोन आठवड्यांत देशाच्या १८ पैकी १४ प्रांतांवर सरकारचा ताबा राहिला नव्हता.

या उठावाला ठरलेला नेता नव्हता, योजना नव्हती. सैनिक, कारागीर, विद्यार्थी, शेतकरी, ज्याच्या हाती जे आले ते घेऊन तो निघाला. तुरुंग फुटले. पण वर्षानुवर्षे दाबलेला राग बाहेर पडतो तेव्हा तो न्यायाची वाट पाहत नाही. बाथ पक्षाची माणसे, गुप्तहेर, पोलिस रस्त्यात मारले गेले. प्रेते तशीच पडली होती. सरकारी कोठारे लुटली जात होती.

अशा वेळी लोक त्या नव्वदी ओलांडलेल्या वृद्धाकडे गेले. ५ मार्चला त्यांचे पत्रक निघाले. त्यात लढाईची घोषणा नव्हती, सिंहासनाची मागणी नव्हती. लोकांनी धर्माची मर्यादा पाळावी, सार्वजनिक आणि खासगी मालमत्तेला हात लावू नये, कुणाच्या अब्रूवर घाला घालू नये, रस्त्यावर पडलेली प्रेते दफन करावीत, मृतांची विटंबना करू नये, असे सांगितले होते. ती प्रेते बहुतेक शत्रूची होती. हजरत अलींनी आपल्या मारेकऱ्याबद्दल जे बजावले, तेच त्यांच्या कबरीच्या शेजारी तेराशे वर्षांनी पुन्हा बजावले गेले.

पाठोपाठ त्यांनी आठ-नऊ विद्वानांची समिती नेमली. शहरात पाणी, धान्य, दवाखाने आणि शिस्त यांची घडी बसवणे हे तिचे काम. त्यात त्यांचा मुलगा मुहम्मद तकीही होता. आयुष्यभर सत्तेला न शिवलेल्या माणसाने हे केले, कारण आता शहराला वालीच उरला नव्हता. अनाथांचा सांभाळ हे धर्मपंडिताचे काम, हे त्यांचे जुने मत. त्या आठवड्यात अख्खे शहरच अनाथ झाले होते.

मदत आलीच नाही

३ मार्चला सफवान येथे युद्धबंदीची बोलणी झाली. पूल उद्ध्वस्त झाल्याने ये-जा करता येत नाही, असे कारण देऊन इराकी सेनापतींनी हेलिकॉप्टर उडवण्याची परवानगी मागितली आणि अमेरिकी जनरल नॉर्मन श्वार्झकॉफ यांनी ती दिली. त्याच हेलिकॉप्टरमधून पुढे उठाव केलेल्या शहरांवर मारा झाला. मित्रराष्ट्रांच्या फौजा जवळच होत्या, पण त्यांनी हस्तक्षेप केला नाही. इराक फुटेल आणि इराणचे बळ वाढेल, ही भीती त्यांना होती. काही बंडखोरांनी खोमेनींची चित्रे मिरवल्याने ती आणखी वाढली. खुई यांचे दुसरे पुत्र अब्दुल मजीद मित्रराष्ट्रांच्या छावणीपर्यंत मदत मागायला गेले. हात हलवत परतण्याचीही सोय उरली नाही. ते परदेशातच राहिले.

सद्दाम यांचे निवडक रिपब्लिकन गार्ड दक्षिणेकडे वळले. काही रणगाड्यांवर आजनंतर शिया उरणार नाहीत, अशा अर्थाचे शब्द रंगवले होते. करबलेवरील हल्ल्याची सूत्रे सद्दाम यांचे जावई हुसेन कामिल यांच्याकडे होती. इमाम हुसेन आणि हजरत अब्बास यांच्या दर्ग्यांत आसरा घेतलेल्यांवर तोफा डागल्या गेल्या. घुमटांना भगदाडे पडली. नजफमध्ये मदरसे आणि ग्रंथालये जमीनदोस्त झाली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रमजानचा चंद्र दिसला, तेव्हा दोन्ही पवित्र शहरे मोडून पडली होती. ज्या महिन्यात घरोघरी इफ्तारची तयारी व्हायची, त्या महिन्यात घरोघरची तरणी मुले नेली जात होती. हजारो माणसे मारली गेली. तीस हजारांहून अधिक लोकांना सौदी अरबच्या वाळवंटातील रफहा छावणीत आश्रय घ्यावा लागला.

मार्चच्या त्याच दिवसांत खुई यांना घरातून उचलून बगदादला नेण्यात आले. टीव्हीवर ते सद्दाम यांच्यासमोर बसलेले दाखवले गेले. उठावाचा निषेध त्यांच्या तोंडी घालण्यात आला. त्यांच्यासोबत नजफमधून शंभराहून अधिक आलिम, विद्यार्थी आणि नातेवाईक पकडले गेले. त्यांत मुलगा इब्राहिम होता, जावई होता. त्यांच्यापैकी बहुतेक कधीच परतले नाहीत.

इस्लामी कायद्यात जबरदस्तीने घेतलेल्या कबुलीला किंमत नाही. ज्याने आयुष्यभर साक्षीदारांच्या खरेखोटेपणाची छाननी केली, त्यालाच बळजबरीने साक्षीदार म्हणून उभे केले गेले. पण त्याच्याच शिकवणीप्रमाणे लोकांनी त्या साक्षीची छाननी केली आणि ती नाकारली. त्या चित्रफितीमुळे त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी झाला नाही.

रात्रीतला दफनविधी

उरलेले दिवस त्यांनी कूफ्यातील घरात नजरकैदेत काढले. ८ ऑगस्ट १९९२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सरकारने जाहीर जनाजा होऊ दिला नाही. एरवी लाखो लोक लोटले असते. मोजक्या माणसांच्या उपस्थितीत, अंधार असतानाच, हजरत अलींच्या दर्ग्यालगतच्या खजरा मशिदीत त्यांचे दफन झाले. जनाजाची नमाज अली सिस्तानी यांनी पढवली. १९९४ मध्ये मुहम्मद तकी हे करबला-नजफ रस्त्यावर मोटार अपघातात गेले. तो अपघातच होता, यावर नजफमध्ये फार थोड्यांचा विश्वास बसला. २००३ मध्ये सद्दाम यांची राजवट कोसळली आणि अब्दुल मजीद मायभूमीत परतले. १० एप्रिल २००३ रोजी त्याच दर्ग्याजवळ जमावाने त्यांची हत्या केली. त्याच वर्षी हिल्लाजवळ महावील येथे सामूहिक कबरी उकरल्या गेल्या. आया-बहिणी प्लास्टिकच्या पिशव्यांतून हाडे आणि कपड्यांचे तुकडे ओळखत होत्या. बारा वर्षांपूर्वी नेलेली मुले त्यांना अशी सापडली.

मग खुई यांच्या हाती काय लागले? उठाव वाचला नाही, कुटुंब वाचले नाही, नावाची समिती आठवडाभरात संपली. हिशेब मांडला तर सगळी बाजू तोट्याची. तरीही त्यांचा एक धडा टिकला. २००३ नंतर इराक सुडाच्या आगीत होरपळत असताना त्यांचे शिष्य सिस्तानी यांनी वारंवार सांगितले, की कुणी स्वतःहून बदला घेऊ नये, निवाडा न्यायालयाने करावा. रक्तपात थांबला नाही, पण त्याला धर्माची मोहोर मिळाली नाही. ही वाट गुरूने १९९१ च्या मार्चमध्ये घालून दिली होती.

जुलमाविरुद्ध उठणे हा माणसाचा हक्क आहे. उठल्यावर आपणही जुलमासारखे होऊ नये, हे त्याहून कठीण. उठावाच्या धुंदीत, आपल्याच बाजूच्या लोकांना, शत्रूचे प्रेत झाका असे सांगायला जे बळ लागते, ते रोजा ठेवून मिळवायचे असते. भूक-तहान हा त्याचा फक्त सराव. शब-ए-कद्रच्या रात्री जागणाऱ्यांनी नजफच्या त्या बेपत्ता मुलांसाठी, आणि जगात जिथे कुठे आया अजून वाट पाहत आहेत त्यांच्यासाठी, एक दुआ जरूर मागावी.